फायबर होडीचा तळ: एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

होडी फायबरची, २१ फुटी. पुढे वाकून शिरावं लागतं एवढी केबिन, मागे बाहेरून लटकवलेलं ४० अश्वशक्तीचं पेट्रोलवरचं इंजिन (आउटबोर्ड). ठिकाण दाभोळची खाडी, गुहागरच्या बाजूचा काठ. मालक मी आणि धाकटा भाऊ. काम एवढंच: तळात साचणारं पाणी बंद करायचं आणि केबिनमधली बुरशी पावसाळ्यात परत येऊ द्यायची नाही.

१३ एप्रिल, रविवार

फळ्या उचलल्या. मागच्या खणात घोटाभर पाणी, वर तेलाचा रंगीत तवंग, खाली काळा गाळ. गाळात खवले, थर्माकोलचे मणी, एक सिगरेटचं थोटूक (आम्ही दोघंही ओढत नाही) आणि गेल्या दिवाळीपासून सापडत नसलेला दहा नंबरचा पाना. वास कुजक्या अंड्यांचा. हवा न लागणाऱ्या गाळात खवले आणि रक्त कुजलं की हा वास येणारच, वरून फिनेल ओतून तो जात नाही.

खरी भानगड पुढे दिसली. पंप सगळ्यात खोलगट जागी, म्हणजे मागे बसवलेला आहे, पण पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तळाला आडव्या पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीला बुडाशी पाणी वाहायला भोक ठेवलेलं आहे. त्यातली दोन भोकं गाळाने बुजलेली. तिसऱ्यात बांधणीच्या वेळचं रेझिन ओघळून घट्ट बसलंय, म्हणजे ते भोक जन्मापासून बंद. पुढच्या खणांमधलं पाणी तिथंच सडत राहणार आणि मागे पंप कोरडा पडून "सगळं ठीक" म्हणणार.

धाकट्याचं मत, दुप्पट ताकदीचा पंप घेऊ. शेजारचे तांडेलकाका काठावर जाळं विणत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "पंप मागाहून रे. पाणी कुठनं येतंय ता बघ आधी."

काम ह्याच क्रमाने करायचं ठरलं.

१४ एप्रिल

सुट्टी होती, दिवस सफाईत गेला. आधी तवंग उचलला. त्यासाठी परसातल्या सावरीचा कापूस जुन्या मोज्यात भरून तळात सोडला. सावरीच्या धाग्याला पाणी लागत नाही, तेल मात्र तो पितो. एकेकाळी लाइफ जॅकेटात हाच कापूस भरायचे. तासाभरात मोजा तपकिरी झाला आणि पाण्यावरचे रंग गेले. तेलकट पाणी तसंच खाडीत उपसणारे आहेत, पण त्याच खाडीत लोक कालवं काढतात.

मग पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचं तिरकं कापलेलं तोंड घेऊन उपसा केला, गाळ घमेल्यात काढला, धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून ब्रशने घासलं, आणि विहिरीचं पाणी ओतून तीनदा धुतलं. गोड्या पाण्याने धुण्यावर मी अडून बसलो, कारण पुढे जूनमध्ये लिहीन.

बंद भोक ड्रिलने मोकळं केलं. तिथे उघडं पडलेलं फायबर इपॉक्सीने झाकलं. पाणी आत शिरतं ते अशाच कापलेल्या कडांतून. तिन्ही भोकांतून एक नायलॉनची दोरी ओवून ठेवली, मधे मधे गाठी मारून. दोन्ही टोकं हाताला येतात. आठवड्याने एकदा पुढे-मागे ओढली की गाठी गाळ काढतात. जुन्या जहाजांत ह्यासाठी साखळी असायची.

१९ आणि २० एप्रिल

तळ चिंध्यांनी पुसून, दिवसभर उन्हात उघडा ठेवून ठणठणीत कोरडा केला. मग शाळेतल्या खडूची पूड करून सगळ्या जोडांच्या खाली, पाइपांच्या खाली आणि पट्ट्यांच्या कडेने पातळ भुरभुरली. पाणी जिथून आलं तिथून पुढे पुडीत ओघळ उमटतो आणि उलट्या दिशेने माग काढता येतो. खर्च शून्य.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंजनवेलच्या टोकाबाहेर जाऊन आलो. मुद्दाम लाटांवर आपटत नेली, माशांचा खण पाण्याने भरला. परत येऊन फळ्या उचलल्या तर पुडीत एकच ठळक ओघळ, माशांच्या खणाच्या निचऱ्याच्या पाइपाखालून सुरू झालेला. पाइप बाहेरून धडधाकट. क्लिप फिरवून पाहिली तर स्क्रू गंजून खाली पडला आणि पाइपाला क्लिपच्या खालोखाल नखाएवढी चीर. खणातलं पाणी बाहेर जाण्याऐवजी निम्मं तळात जात होतं, म्हणजे मासे जितके जास्त तितका तळाचा वास जास्त.

क्लिप घ्यायला जाताना लोहचुंबक खिशात ठेवलं. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साधा, अशा क्लिपा दुकानोदुकानी मिळतात. स्क्रूला चुंबक चिकटलं की ती परत ठेवायची.

ओघळाचं पाणी जिभेला लावून पाहिलं, खारट. आत्ता ही परीक्षा चालते, कारण उन्हाळ्यात आमच्यापर्यंत खाडी खारीच असते. जुलैत वाशिष्ठीचा लोंढा उतरला की वरचं पाणी गोडं होतं. मग तळातलं पाणी पावसाचं की खाडीचं हे जीभ सांगू शकत नाही. गळती शोधायचं काम एप्रिल-मेमध्येच उरकायचं ते ह्यासाठी.

२७ एप्रिल, रविवार

आज वरून येणारं पाणी. होडी काठाला बांधून बागेच्या नळीने पाणी मारलं. नळी खालून वर न्यायची, एका जागी निदान दहा मिनिटं, मगच पुढची जागा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. धाकटा आत टॉर्च घेऊन पालथा, मी बाहेर. तो आतून ओरडायचा, "काही नाही, काही नाही," आणि मग एकदम "थांब!"

दोन जागा मिळाल्या. पहिली मागची. इंजिनाच्या केबली ज्या भोकातून आत जातात तिथली रबरी टोपी उन्हाने तडकलीय. बाहेरून नीट दिसते, घडी उलगडली की भेगा. मागून आलेली प्रत्येक लाट आणि डेकवर पडलेला सगळा पाऊस त्या खोलगट जागेत गोळा होतो आणि सरळ आत. दुसरी जागा केबिनच्या झाकणाच्या बिजागऱ्या. स्क्रू थेट फायबरमधून आतल्या प्लायवूडमध्ये गेलेले, खाली सीलंटचा पत्ता नाही. प्लायवूड टाचणीने टोचलं, एका स्क्रूभोवती मऊ लागलं.

माझं मत आता पक्कं झालंय. फायबरची होडी फायबरमधून गळत नाही. ती माणसाने पाडलेल्या भोकांतून गळते. दिवा, हुक, बिजागरी, काहीही लावायचं झालं की चार भोकं पडतात आणि त्यातलं एखादं तळापर्यंतची वाट होतं.

३ आणि ४ मे

दुरुस्ती. बिजागऱ्या काढून स्क्रूची भोकं मुद्दाम मोठी पाडली, मऊ झालेलं लाकूड आकड्याने खरवडून काढलं, दोन दिवस उन्हात वाळू दिलं होतं त्यात घट्ट इपॉक्सी भरली. सुकल्यावर त्याच जागी नवं, बारीक भोक. आता स्क्रूभोवती इपॉक्सीची नळी आहे; सीलंट उद्या फाटलं तरी पाणी प्लायवूडला लागणार नाही. वरून पॉलियुरेथेन सीलंट.

दुकानदार सिलिकॉन घ्या म्हणत होता, स्वस्त पडतं. सिलिकॉन न्हाणीघरात ठीक. होडीवर एकदा लावलं की त्याचा अंश निघता निघत नाही आणि पुढे त्या जागेवर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट.

केबलीची रबरी टोपी नवी घातली. पाइप बदलला, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा.

११ मे, रविवार

आता पंप. मोठा घ्यायचा विचार मागे पडला, आहे तोच नीट बसवला. त्यावर ताशी ५०० गॅलन लिहिलंय, म्हणजे साधारण १९०० लिटर. तो आकडा पाणी जराही वर न चढवता, लांब पाइप न जोडता मिळणारा. होडीवर प्रत्यक्ष मोजलं: वीस लिटरचा कॅन भरायला मिनिटाच्या वर पाच सेकंद. म्हणजे ताशी अकराशे लिटर. आत वळ्या असलेला पाइप काढून आतून गुळगुळीत असलेला लावला, वायरींचे जोड पाण्याची पातळी कधी पोचणार नाही इतके वर घेतले, फ्यूज बॅटरीजवळ.

पंपाने तळ कधीच कोरडा होत नाही, हे पंप विकणारा सांगत नाही. पंप बंद झाला की चढत्या पाइपातलं पाणी माघारी येतं. पाऊण इंची पाइप दोन मीटर असेल तर हे पाणीच अर्ध्या लिटरहून जास्त. ते अडवायला झडप घाला असं काहीजण म्हणतात. झडपेत खवला अडकला की पाणी बाहेर जाणंच बंद, त्यामुळे मी घालणार नाही. शेवटचं पाणी स्पंजने टिपायचं. पंप होडी बुडू नये म्हणून असतो. तळ कोरडा करतो तो स्पंज.

इंजिन सुरू करण्याआधी मागचं झाकण उघडून वास घ्यायचा, हे धाकट्याकडून वदवून घेतलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात जाऊन बसते आणि साध्या स्विचच्या ठिणगीने पेटते.

२५ मे, रविवार

ठरवलं होतं की २७ च्या अमावास्येच्या उधाणाला होडी वर घ्यायची, त्याआधी आठवडाभर कोरडं ऊन मिळेल. पाऊस त्यासाठी थांबला नाही. २२ पासून समुद्र खवळलेला, आणि काल अरबी समुद्रातला कमी दाबाचा तीव्र पट्टा रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत गेला, म्हणजे जवळजवळ आमच्या डोक्यावरून. कालच केरळातही मोसमी पाऊस पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, एरवी ती तारीख १ जूनची.

होडी खाडीत नांगरावर. काल संध्याकाळी वारा थोडा पडल्यावर जाऊन पाहिलं. मागच्या खणात पेलाभर पाणी, पंपाच्या तरंगत्या स्विचला कळण्याइतकंही नाही. गेल्या वर्षी साध्या वळवाच्या पावसानंतर बादल्या उपसल्या होत्या. नळीने केलेल्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा मोठी झाली.

पेलाभर पाणी कुठून, तेही कळलं. नांगराची ओली दोरी पुढच्या खणात गुंडाळून टाकतो, ती रात्रभर निथळते आणि पाणी पट्ट्यांच्या भोकांतून मागे येतं. भोकं मोकळी केल्याचा हा पुरावाच. दोरीसाठी भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा क्रेट घेतला, खाली स्वतंत्र निचरा काढून द्यायचा.

२८ मे

भरतीला होडी वर घेतली. ओंडके, चेन पुली, आणि आजूबाजूची आठ-दहा माणसं. मुंबईतही परवा पाऊस पोचला, गेल्या पंचाहत्तर वर्षांतला सगळ्यात लवकरचा. त्यामुळे वाडीत सगळ्यांचीच घाई एकदम, पुली मिळायला दुपार झाली.

होडी ठेवताना नाळ (पुढचं टोक) वर, मागचा भाग वीतभर खाली. तळातलं पाणी सोडायचं मागचं बूच काढून केबिनच्या आरशामागे दोरीने बांधलं, म्हणजे पाण्यात घालताना ते शोधत फिरायला नको. बुचाच्या भोकाला आतून तांब्याची जाळी, नाहीतर पानं आणि बेडूक. बूच काढण्याला हसू नये. होडीचं वरचं क्षेत्रफळ धरा बारा चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की तिच्यावर बाराशे लिटर पाणी पडतं, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास. जुलैत असे दिवस कोकणात नवलाचे नाहीत. छप्पर उडालं आणि बूच लावलेलं असलं, तर होडी जमिनीवरच बुडते.

वर वासे आणि आढं घालून झापांचा मांडव, त्यावर ताडपत्री. ताडपत्री होडीला कुठेही टेकू दिली नाही, दोन्ही टोकं उघडी. होडीवरच ताणून बांधलेल्या ताडपत्रीखाली काय होतं ते शेजारच्या होडीवर दरवर्षी दिसतं: नारळीपौर्णिमेला ती काढतात तेव्हा आतून काळी झालेली असते.

बॅटरी, पेट्रोलची टाकी, जॅकेटं, उशा, दोऱ्या सगळं घरी. जॅकेटं आईने मागच्या चुलीपासून लांब, माळ्यावर टांगून दिली. त्यांना धुराचा वास येणार, बुरशी येणार नाही.

८ जून, रविवार

तळ बोटाने पुसला तर कोरडा. केबिनमध्ये मात्र कपाटाच्या आत, वरच्या बाजूला, करडे ठिपके दिसायला लागले. पाणी नाही तरी बुरशी. इथून पुढचं काम वेगळं.

केबिनच्या भिंतीवर हात फिरवला की चिकट लागतं. ते मीठ आहे. स्वयंपाकघरातलं मीठ पावसाळ्यात बरणीत ओलं होतं तेच इथे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून पातळ होतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर ३३ टक्क्यांनाच ओलावतात. म्हणजे आपल्याकडे खाऱ्या पाण्याचा थर बसलेली वस्तू पावसाळ्यात वाळूच शकत नाही, कितीही पुसा. विहिरीच्या पाण्याने तीनदा धुण्यासाठी अडून बसलो होतो ते ह्यासाठी. तळ तेव्हा धुतला, केबिनच्या भिंती आणि कपाटं राहिली होती. आज तीही गोड्या पाण्याने दोनदा पुसली, कोरड्या फडक्याने टिपली.

तांडेलकाकांना हे पटत नाही. लाकडी गलबतांत मिठाने लाकूड टिकतं, पावसाच्या पाण्याने कुजतं, हा त्यांचा अनुभव, आणि तो खरा आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. पण आमच्या होडीत लाकूड म्हणजे इपॉक्सीच्या आत बंद केलेलं प्लायवूड. त्याला वाचवायला मिठाची गरज नाही आणि बाहेरच्या ओलीला मीठच धरून ठेवतं. दोघंही आपापल्या होडीपुरते बरोबर.

१५ जून

ठिपक्यांचा बंदोबस्त. कोरड्या ब्रशने खरवडायचे नाहीत, त्याने बीजं केबिनभर उडतात. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसलं, फडकी लगेच पिशवीत बंद.

फायबरच्या गुळगुळीत भागावर कपड्यांचं ब्लीच पातळ करून चाललं, डागही गेले. प्लायवूडवर ब्लीचचा उपयोग दिखाऊ. वरचा रंग उडतो, क्लोरीन आत शिरत नाही, त्यातलं पाणी मात्र शिरतं आणि पंधरा दिवसांनी ठिपके परत. तिथे टाकणखार (बोरॅक्स) वापरला, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. एवढाच साधारण विरघळतो, जास्त घातला तर बुडाशी बसतो. फडक्याने लावायचा आणि पुसून न काढता वाळू द्यायचा, कारण मागे राहणारा पांढुरका थरच काम करतो. जेवणाची भांडी ठेवतो त्या फळीवर लावला नाही.

ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकाच बादलीत कधीही नको. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि केबिनमध्ये पळायला जागा नसते.

आत्याने डांबरगोळ्या पाठवल्या. त्या कसरीला चालतात, बुरशीला नाही. कडुलिंबाच्या पाल्याचंही तेच, शिवाय पाला स्वतःच कुजतो. दोन्ही परत.

६ जुलै, आषाढी

संततधार. केबिनमध्ये आर्द्रतामापक टांगलाय, स्वस्तातला, पाच टक्के इकडेतिकडे दाखवत असेल. काटा ९० च्या खाली येतच नाही. बाहेरही तेच.

बाजारात मिळणारे ओल शोषणारे डबे आणावेत असं धाकट्याचं म्हणणं. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं आणि ते खरोखर भरपूर पाणी ओढतं. मग कागदावर हिशोब केला. केबिनमधली हवा पाच घनमीटर धरू. २७ अंशांना, ९० टक्के आर्द्रतेत, प्रत्येक घनमीटरमध्ये २३ ग्रॅम पाणी. ६० टक्क्यांवर आणायचं तर घनमीटरमागे पावणेआठ ग्रॅम काढायला हवेत, एकूण चाळीस. एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. पण केबिनचं दार फटींचं, हवा तासाला एकदा तरी बदलते. म्हणजे दर तासाला नवे चाळीस ग्रॅम, दिवसाला जवळजवळ लिटरभर पाणी. डबे होडीसाठी नाही, अरबी समुद्रासाठी आणावे लागतील.

तेव्हा दोनच मार्ग. एकतर पूर्ण बंद करून आत शोषक ठेवा, नाहीतर सगळं उघडून हवा खेळती ठेवा. अर्धवट उघडं आणि आत डबा, हा पैशाचा चुराडा. आम्ही केबिन उघडी ठेवली: दारं दोरीने अडकवून, कपाटांची झाकणं काढून, फळ्या उभ्या करून, गादी नाही, पडदा नाही. सौर पॅनेलवर चालणारा संगणकातला छोटा पंखा कोपऱ्याकडे तोंड करून. हवा काही कोरडी होत नाही, फक्त थांबत नाही.

दोन वस्तू मात्र बंद मार्गाने: नकाशे आणि दुर्बीण. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसकट.

कळीच्या चुन्याची आठवण एकाने करून दिली. तो स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच पाणी घेतो, आणि वरून पागोळी पडली तर उकळायला लागतो. होडीत नकोच.

२० जुलै, रविवार

कपाटात विजेचा बल्ब लावायचा जुना घरगुती उपाय करून पाहिला. बल्ब हवा कोरडी करत नाही, तापवतो. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३१ अंशांवर नेली, तर पाणी तेवढंच राहून आर्द्रता ७१-७२ टक्क्यांवर येते.

उघड्या केबिनमध्ये ६० वॉटचा पिवळा बल्ब दिवसभर लावला. तापमान अंशभर चढलं, काटा जेमतेम हलला. पातळ फायबर उष्णता बाहेर टाकून देतं. तोच प्रयोग प्लायवूडच्या बंद कपाटात ४० वॉटच्या बल्बने केला. संध्याकाळी आत ३१ अंश, काटा सत्तरीत. म्हणजे बल्ब कपाटाला उपयोगी, केबिनला नाही. जाळीच्या पिंजऱ्यात बल्ब, आसपास कापड नाही, टाकी आणि बॅटरी आधीच घरी, आणि कोणी वाडीत असेल तेव्हाच चालू. नाहीतरी वीज निम्मा वेळ नसतेच.

३ ऑगस्ट

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली, बंदरात गडबड. आमची घाई नाही.

तपासणी. तळ कोरडा, जाळीत पानांचा लगदा आणि एक खेकडा. टाकणखार लावलेलं प्लायवूड स्वच्छ. बुरशी एकाच ठिकाणी: चाकाच्या मूठीभोवती. हाताचं तेल आणि घाम तिथे साचतो, बुरशीचं खाणं तयार. साबणाने धुतलं. पावसाळ्यात कोकणातली ओल घालवता येत नाही, बुरशीच्या तोंडचा घास काढून घेता येतो. आमच्या सगळ्या खटपटीतून जमलेलं काम ते हेच.

१० ऑगस्ट

नारळीपौर्णिमा परवा झाली. आज उधाणात होडी पाण्यात. आधी बूच. धाकट्याने लावलं, मी हात घालून पाहिलं, मग त्याने परत पाहिलं. बाहेर समुद्र अजून मोठा, म्हणून खाडीतच धोपाव्याच्या फेरीबोटीच्या वाटेपर्यंत जाऊन आलो. फळ्या उचलून टॉर्च मारला. कोरडं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी तळात अर्धा कप पाणी. पुन्हा खडूची पूड, पुन्हा पालथे पडणं. पाइप, केबली, बिजागऱ्या सगळं कोरडं. पुडीत ह्यावेळी ओघळ नव्हते, ठिपके होते, वरून पडलेले. बोट वर केलं तर डेकची खालची बाजू ओली.

पाऊस गेला, आभाळ निवळलं. रात्री उघड्या आकाशाखाली डेक हवेपेक्षा थंड होतो आणि केबिनमधली ओल त्याच्या पोटाला लागून दव धरते. गळती नाही, पण तळात येणारं पाणी ते पाणीच. आतून गालिचासारखं अस्तर लावायचा सल्ला मिळाला. थेंब पडायचे थांबतील, पण अस्तर ओलं राहील आणि त्यामागे बुरशी दिसणारही नाही.

१२ ऑक्टोबर

आठवडाभर संध्याकाळी ताडपत्री डेकच्या वीतभर वर, दोन्ही बाजूंनी मोकळी बांधली. डेकची उष्णता थेट आकाशात जात नाही. थेंब थांबले. आज पहाटे बांधलेली आणि न बांधलेली बाजू शेजारी शेजारी हाताने चाचपली: एक कोरडी, एक ओलीचिंब. बांधायला पाच मिनिटं लागतात, म्हणून दोरीऐवजी आकडे आणि रबर लावायचे आहेत. आकड्यांसाठी भोकं पाडायची नाहीत. कठड्याच्या पाइपाला क्लिपा बसतील. क्लिपा घ्यायला जाताना चुंबक न्यायचं.